आत्याने पाणी मागितलं तेव्हा

विशाखाआत्याने शेवटचं पाणी मागितलं ते माझ्याकडे नाही, सरांकडे. न्यूमोनियामुळे तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, पण ती पूर्ण शुद्धीवर होती. ज्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात तिने जन्मभर शिकवलं, त्याच्याच रुग्णालयातली ती खोली. पलंगाच्या पायथ्याशी तिचेच एक जुने विद्यार्थी उभे होते, आता तिथले मोठे डॉक्टर. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही तेच म्हणते. सर तिच्या अंगावरून माझ्याकडे बघत विचारत होते, "शी इज नॉट ईटिंग मच, नो? झोप लागते का त्यांना? खोकताना छातीत दुखतं म्हणतात का?" म्हणतात का! ती त्यांच्या हाताच्या अंतरावर होती, डोळे उघडे ठेवून. आत्याने मास्क बाजूला केला आणि म्हणाली, "बाळा, जरा पाणी घेऊन ये." सरांनी नुसती मान दाराकडे वळवली. "सिस्टर, मॅडमना पाणी द्या." सिस्टरने पेला आणून ठेवला. सर जागचे हलले नाहीत, रक्ताच्या रिपोर्टबद्दल बोलत राहिले. आत्याने पेल्याला हातही लावला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, भुवया किंचित उडवल्या, आणि मास्क परत चढवला. सर बोलतच होते, तेवढ्यात स्ट्रेचर आलं. तिला अतिदक्षता विभागात नेलं, घशात नळी घातली. त्यानंतर ती बोलू शकली नाही... आणि मग गेलीच.

तिला तहान लागली नव्हती. त्या खोलीत हे फक्त दोघींना माहीत होतं, तिला आणि मला. का ते सांगायचं तर तिचे गुरुवार सांगावे लागतील.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. आजोबा दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. कापूस उडून त्यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या, असं आत्या सांगायची. त्या वस्तीतून डॉक्टर झालेली ती पहिली मुलगी. पुढे समाजवैद्यक विषयात एमडी करून ती यवतमाळच्या महाविद्यालयात व्याख्याता झाली. पण स्वतःची ओळख ती 'घरची डॉक्टर' अशीच करून द्यायची. सर्दीपासून सुनेच्या रडण्यापर्यंत सगळं जिच्याकडे घेऊन यावं, ती. महाविद्यालयाचं एक छोटं आरोग्य केंद्र दिग्रसच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत, एका बंजारा तांड्यावर होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्याशेजारी कडुलिंब. दर गुरुवारी आत्या विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन तिथे जायची. तांड्यातल्या बाया तिला डाक्टर याडी म्हणायच्या. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

त्या केंद्राच्या आतल्या खोलीत एक रांजण होता. बुडाशी बारीक भेग असलेला, सतत पाझरणारा. तपासायला बाई आली की सोबत नवरा यायचाच, आणि बाईने तोंड उघडायच्या आत तोच सांगायला लागायचा, "हिचं पोट दुखते, भूक नाई लागत, गोळ्या द्या." आत्या त्याचं सगळं शांतपणे ऐकून घ्यायची. मग रांजणात डोकावून म्हणायची, "अरे बापरे, पाणी संपलं वाटते. दादा, तेवढी बादली भरून आणता का हापशीवरून?" हापशी तांड्याच्या दुसऱ्या टोकाला होती. बराच वेळ दांडा हाणल्याशिवाय तिला पाणी यायचं नाही. कोणी नाही म्हणत नसे. डॉक्टरीणबाईला पाणी आणून देण्यात मान होता. नवरा गेला की आत्या दार लोटून घ्यायची, लोखंडी स्टूल ओढून बाईच्या समोर बसायची आणि विचारायची, "आता तू सांग." मग पोट बाजूला राहायचं आणि खरं काय ते बाहेर यायचं. दांड्याची कुरकुर थांबली, की दोघी पुन्हा पोटावर यायच्या.

सासवांसाठी वेगळी सोय होती. त्यांना ओट्यावर वजनकाट्यापाशी बसवलं जाई. "आई, पोरांची वजनं तुमच्याशिवाय कोणाला नीट घेता येत नाहीत." त्या खूश. तांड्यात एवढी वजनदार पोरं कुठून आली, असं एकदा एका विद्यार्थ्याने विचारलं, तर आत्या म्हणाली, "आज्या हात ठेवतात काट्यावर. मी दुसऱ्यांदा घेते."

हे तिला पुस्तकातून सुचलं नव्हतं. एकदा एसटीत, दिग्रस स्टँडवरचे आलुबोंडे मांडीवर घेऊन बसलेलो असताना, तिने मला सांगितलं. ती नवी होती तेव्हा तांड्यातली एक नवी सून सासूबरोबर आली होती. पोटात दुखतं, म्हणून. पाळी वेळेवर येते का, आत्याने विचारलं. सासू म्हणाली, येते. सुनेने मान डोलावली. आत्याने पोटदुखीच्या गोळ्या दिल्या. गर्भ नळीत अडकला होता. नळी फुटली, आणि यवतमाळला नेताना ती मुलगी वाटेत गेली. "ती माझ्याकडे बघत होती," आत्या म्हणाली, "आणि मी तिच्या सासूकडे." आलुबोंडा तसाच कागदात गुंडाळून तिने पर्समध्ये ठेवला आणि पुढचा सगळा रस्ता खिडकीबाहेर पाहत राहिली.

मी हे सगळं पाहू शकले, कारण शाळेसाठी मी यवतमाळला तिच्याकडे राहायचे. इंग्रजी शाळा, आणि त्यात माझा स्वभाव न बोलण्याचा. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत. माझं मराठी शाळेत झालं नाही, सुट्टीतल्या गुरुवारी तांड्यावर, औषधांच्या पुड्या बांधता बांधता झालं. आत्याने मला कधी 'बोल गं' म्हटलं नाही. बारावीनंतर बाबा दिग्रसहून आले आणि मला इंजिनिअरिंगला टाकायचं कसं ठरलंय ते तिला सांगायला लागले. मी शेजारीच बसले होते. आत्या उठली, फ्रिज उघडला आणि म्हणाली, "प्रकाश, दूध संपलं रे. आणतोस?" फ्रिजमध्ये दुधाचं पातेलं भरलेलं मला दिसत होतं. बाबा चपला घालून गेले. आत्या माझ्यासमोर येऊन बसली. "आता तू सांग." मी सांगितलं, इंजिनिअरिंग नको. बाबांना अजूनही वाटतं की त्यांचं मन आत्याने वळवलं.

म्हणून रुग्णालयात ती सरांना 'पाणी घेऊन ये' म्हणाली, तेव्हा मला कळलं. तिला त्यांना खोलीबाहेर काढायचं होतं. तिला मला काहीतरी सांगायचं होतं.

आता लोक आत्याबद्दल लिहितात, बोलतात, ते वाचून माझी कानशिलं तापतात. निःस्वार्थ. त्यागमूर्ती. पदाचा मोह नसलेली. कोणी सांगितलं मोह नव्हता? तिला विभागप्रमुख व्हायचं होतं. फार व्हायचं होतं. तिला त्या विषयाचा अभ्यासक्रम बदलायचा होता, पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्यांना स्टुलावर बसून ऐकायला शिकवायचं होतं, आणि ते प्रमुख झाल्याशिवाय करता येत नाही हे तिला चांगलं माहीत होतं. दोन वेळा तिचं नाव मागे पडलं. दुसऱ्या वेळी एका बैठकीत कोणीतरी म्हणालं, "मॅडमना कुठे हौस आहे खुर्चीची? त्या तांड्यावरच रमतात." ती खोलीतच होती. घरी आल्यावर तिने पर्स पलंगावर आपटली. चिडली की तिचं प्रमाण मराठी गळून पडायचं. "मले इचारलं का कोनी? मी तिथंच बसून होती न! मले काहून नाई इचारलं?" मी चहा ठेवला. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. तशीच म्हणाली, "बायकांसाठीच रांजण ठेवला मी. माझ्यासाठी ठेवायचा राहिला." ती संत नव्हती. चिडकी होती, तिखट जिभेची होती, कामचुकार विद्यार्थ्यांना सगळ्यांसमोर फाडून खायची. संत म्हटलं की माणसाचं देणं लागत नाही, म्हणून म्हणतात.

नळाचं प्रकरण तर सगळ्यांना माहीत आहे, फक्त उलटं माहीत आहे. महाविद्यालयाची समिती केंद्र पाहायला आली. ग्रामपंचायतीची नळयोजना तांड्यापर्यंत आलीच होती, केंद्रात एक जोडणी घ्या, एवढंच समितीचं म्हणणं. आत्याने नको म्हटलं. रांजण बदला म्हणाले, तेही नको. का, तर तिने काही तरी थातूरमातूर कारण दिलं. मॅडम हट्टी आहेत, जुन्या वळणाच्या आहेत, असं ठरलं. पुढे त्याचाच आधार घेऊन, केंद्रावर पाण्याची सोय नाही म्हणून विद्यार्थी पाठवणं बंद झालं. मग जीप बंद झाली. आत्या गुरुवारी एकटीच एसटीने जायला लागली, तीही रजा टाकून. निवृत्तीनंतर रजेचा प्रश्न उरला नाही, एवढाच फरक. मी तिला विचारलं होतं, "आत्या, खरं कारण का सांगत नाहीस?" ती म्हणाली, "सांगितलं की ते लिहितील. लिहिलं की पसरेल. मग कोणता नवरा बादली उचलेल?" ज्या बायका तिच्यासमोर स्टुलावर बसल्या होत्या, त्या सगळ्यांना हे माहीत होतं. एवढ्या वर्षांत एकीच्याही तोंडून बाहेर पडलं नाही. आणि आम्ही शिकलेले म्हणतो, खेड्यात काही गुप्त राहत नाही.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर महाविद्यालयाच्या सभागृहात शोकसभा झाली. मला पहिल्या रांगेत बसवलं. सर बोलायला उभे राहिले. त्यांनी सांगितलं की इंटर्न असताना तांड्यावर ते एका पेशंटची माहिती देत होते, आणि मॅडमनी मध्येच थांबवून त्यांच्या हातात बादली दिली, जा, पाणी भरून आण. "श्रमप्रतिष्ठा!" सर म्हणाले. "असे संस्कार केले मॅडमनी आमच्यावर." टाळ्या पडल्या. मला तो दिवस आठवत होता. मी पुड्या बांधत होते. स्टुलावर बाई बसलेली होती आणि तिच्या ऐवजी सर बोलत होते, अस्खलित, न थांबता. म्हणून त्यांना पाठवलं होतं. डॉक्टर झाले, मोठे झाले, पण आपल्याला बाहेर का काढलं होतं हा प्रश्न त्या माणसाला एकदाही पडला नाही! मग त्यांचा आवाज भरून आला. "मॅडमचे शेवटचे शब्द मी स्वतः ऐकलेत. त्या म्हणाल्या, पाणी. स्वतःसाठी नव्हे... ज्या तांड्यावर त्या आयुष्यभर पाण्याविना राबल्या, त्या तांड्यासाठी." आणि त्यांनी जाहीर केलं, की मॅडमच्या स्मृतिप्रीत्यर्थ त्या केंद्रात नळ बसवण्यात येईल, संगमरवरी पाटीसह.

तिच्या जागी येणाऱ्या डॉक्टरबद्दल कोणी काही बोललं नाही. आत्या गेल्यापासून त्या केंद्राला कुलूप आहे. सरकारी आरोग्य केंद्र लांब आहे, तिथे बाईबरोबर नवरा जातो आणि नवराच बोलतो. नळ मिळणार होता. गुरुवार मिळणार नव्हता. मी पहिल्या रांगेत बसून माझ्या हातातल्या फुलाची एकेक पाकळी तोडत होते. मला दोन शब्द बोलायला सांगितलं, मी नकारार्थी मान हलवली. नातलग शोकाकुल आहेत, असं सूत्रसंचालक म्हणाले. मी शोकाकुल नव्हते. मी इतकी संतापले होते की तोंड उघडलं असतं तर काय बाहेर आलं असतं, ते मलाच माहीत नव्हतं.

नळाचा कार्यक्रम लगेच ठरला. जे काम वर्षानुवर्षं अडलं म्हणत होते, ते माणूस मेल्यावर काही आठवड्यांत झालं. मी बाबांबरोबर न जाता आधीच्या एसटीने एकटीच गेले. ओट्यावर मांडव, पाटीवर झेंडूचा हार, पाटीवर आत्याचं नाव. केंद्राचं कुलूप उघडलं होतं. आत रांजण तसाच होता, कोरडा. तांड्यातल्या सगळ्यात जुन्या पेशंट चावळीबाई पदराने त्याच्यावरची धूळ पुसत होत्या. मला बघून म्हणाल्या, "आली का वो पोट्टी? वाळून गेली न तू. जेवते का नाई?" मी त्यांना हळूच विचारलं, या रांजणाबद्दल पेपरात लिहिलं तर चालेल का. त्यांनी शेजारच्या बायकांना त्यांच्या बोलीत विचारलं. सगळ्या हसल्या. "लिव्ह न बाई," चावळीबाई म्हणाल्या, "आमचा मानूस पेपरावर भजे खाते, वाचत नाई. अन वाचलं तं वाचलं. थो बाहेर जाते का नाई, हे आता आमी पाहून घेऊ."

पाहुणे आले. सरांनी तोटी फिरवली, पाणी आलं, फोटो झाले. दिग्रसचा एक तरुण पत्रकार वही घेऊन आत आला आणि त्याने चावळीबाईंना विचारलं, "आजी, नळ आला, कसं वाटून राह्यलं?" चावळीबाईंनी तोंड उघडलं, आणि सर म्हणाले, "खूप समाधानी आहेत या सगळ्या भगिनी. यांची फार वर्षांची मागणी होती, काय आजी?" चावळीबाईंनी एकदा सरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्या कोपऱ्यात गेल्या, बादली उचलली आणि सरांसमोर धरली.

"सायेब, रांजनात पानी नाई. हापशीवरून आनता का जरा?"

"अहो आजी, आता नळ आहे ना!"

"नळाचं आत्ताच आलं, सायेब. या रांजनाले हापशीच्याच पान्याची सवय हाय. याडी असती तं तिनं तुमालेच धाडलं असतं."

आत्याचं नाव आल्यावर सरांना हसू आलं. "अगदी बरोबर. श्रमप्रतिष्ठा!" म्हणत त्यांनी बाह्या दुमडल्या. पत्रकार तिथेच रेंगाळत होता. "तू बी जाय न बावा," चावळीबाई त्याला म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या सायबाचा फोटू कोन काढन?" दोघंही गेले. चावळीबाईंनी दार लोटलं. लोखंडी स्टूल ओढलं, गुडघ्यांवर हात टेकत त्या त्याच्यावर बसल्या, आणि मला समोर बसवलं.

"आता तू सांग."

तांड्याच्या टोकाला हापशीचा दांडा कुरकुरायला लागला होता. मी सांगितलं. खोली, मास्क, सर तिच्या अंगावरून काय काय विचारत होते, ती काय म्हणाली, पेला कोणी आणला. मी एका दमात इतकं कधी बोलले नव्हते. त्यांना काहीही समजावून सांगावं लागलं नाही. 'बाळा, जरा पाणी घेऊन ये' इथवर आले, आणि भिंतीशी बसलेली एक बाई 'अगं बाई' म्हणून तोंडावर हात ठेवून रडायला लागली. "अन थो गेलाच नाई?" चावळीबाईंनी विचारलं. "नाही." "काय सांगाचं होतं तिले?" "माहीत नाही," मी म्हणाले. आता कधीच कळणार नाही. चावळीबाईंनी माझा हात धरून ठेवला. त्यांची पकड फार घट्ट होती, आणि ती मायेची नव्हती, रागाची होती. तेवढं मला बरं वाटलं... इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासारखं चिडलं होतं.

कुरकुर थांबली. बायकांनी डोळे पुसले, पदर नीट केले. चावळीबाईंनी दार उघडलं. सर आले, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, चेहरा घामाने चमकत होता, मागे पत्रकार फोटो काढत होता. "काय, काय गप्पा चालल्या होत्या?" सरांनी हसत विचारलं.

"काई नाई, सायेब. पोटाचंच," चावळीबाई म्हणाल्या. "पानी आनलं, बेस झालं. आता डाक्टर कव्हा आनता?"

सर म्हणाले, पाठपुरावा सुरू आहे, वरच्या पातळीवर बोलणं झालंय, थोडा धीर धरा. चावळीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बादली दोन्ही हातांनी उचलून रांजणात ओतली, भेगेतून पाणी पाझरायला लागलं ते पाहिलं, आणि रिकामी बादली पुन्हा सरांच्याच हातात दिली.